शेंडा बघा, पानं नव्हे

दर हिवाळ्यात एखादी कडक लाट येऊन गेली की आठवड्याभरात मला फोटो यायला लागतात. प्लेनो, फ्रिस्को, मकिनी, अ‍ॅलन, टेक्सासात डॅलसच्या उत्तरेला सगळीकडे आपली मंडळी पसरली आहेत. बऱ्याच जणांच्या अंगणात आधीच्या मालकाने हौसेने लावलेलं एखादं पामचं झाड असतं. फोटोत पानं करपलेली, खाकी पडलेली, देठात मोडून खोडाला चिकटलेली. खाली एकच प्रश्न: "ताई, गेलं ना हे? माळी म्हणतोय, तोडून टाकू."

माझं उत्तर ठरलेलं आहे. तोडू नका. जून उजाडेपर्यंत करवत लावू देऊ नका. पण फोनवर कारणं सांगायला वेळ पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

माझं आजोळ श्रीवर्धनचं. नारळ-सुपारीची वाडी, मामा अजूनही ती वाडी करतो. तिथे सुट्ट्या काढल्यामुळे एक गोष्ट अंगात मुरली आहे. माड असो, पोफळ असो, ताड असो, एका खोडाने वाढणाऱ्या या झाडांचा जीव एकाच जागी असतो, शेंड्यात. आंब्याची फांदी वठली तर खालून दुसरी फुटते, पेरू बुंध्याशी छाटला तरी धुमारे येतात. पोफळीचा शेंडा मोडला की झाड संपलं, मग खोड कितीही हिरवं दिसो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सगळ्या झावळ्या गेल्या पण आतला कोंब शाबूत आहे, तर झाड आहे.

थंडीतही हाच न्याय लागतो. गारठ्यात बर्फ बहुतेक वेळा आधी पानातल्या पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी सुकतात, त्यांची आवरणं फाटतात, आणि चार दिवसांनी ऊन पडलं की पान खाकी होतं. कोंब मात्र देठांच्या जाड गुंडाळ्यांत, खोल आत बसलेला असतो. तिथपर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो. म्हणून "हे झाड उणे अमुक सोसतं" असा नर्सरीतल्या चिठ्ठीवरचा आकडा मी फार मनावर घेत नाही. एक रात्र उणे आठ आणि दुसऱ्या दुपारी लख्ख ऊन, हे पचवणारं झाड सलग तीन दिवस उणे पाचात अडकलं तर जाऊ शकतं, कारण तोवर गारठा गाभ्यात उतरलेला असतो. त्यात आधी पाऊस पडून शेंड्यात पाणी साचलं असेल तर आणखीच वाईट. कोरडी थंडी परवडली, ओली नको.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्याकडे ओली, लांबलेली आणि विक्रमी, तिन्ही प्रकारची थंडी एकदमच आली. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर १६ फेब्रुवारीच्या सकाळी पारा उणे २ फॅरनहाइटला, म्हणजे उणे १९ सेल्सिअसला टेकला. १९४९ नंतर इथे इतकी थंडी पडली नव्हती. आणि जवळजवळ सहा दिवस तापमान गोठणबिंदूच्या वर आलंच नाही. इथल्या पामांना मारलं ते त्या सहा दिवसांनी. उणे १९ चा आकडा बातम्यांमध्ये गाजला, पण माझ्या मते खरा घाव सलग थंडीचा होता.

पाम जपणारे इथे एक उपाय करतात. खोडाभोवती आणि शेंड्याशी नाताळच्या दिव्यांची माळ गुंडाळायची, वरून जाड कापड बांधायचं. माळ जुन्या पद्धतीच्या मोठ्या दिव्यांची लागते, कारण ते दिवे तापतात. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. मी मागच्या अंगणातल्या विंडमिल पामला असं बांधून ठेवलं होतं. १५ तारखेच्या पहाटे राज्यभर वीज तोडायला सुरुवात झाली आणि आमच्या गल्लीत अंधार झाला. सगळी ग्रिड कोसळायला अवघी ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, हे नंतर बाहेर आलं. राज्याच्या अधिकृत मोजणीप्रमाणे त्या लाटेत २४६ माणसं गेली. आम्ही घरातले सगळे एका खोलीत रजया घेऊन बसलो होतो, नळ फुटू नयेत म्हणून बारीक धार सोडलेली. झाडाकडे बघायला त्या दिवसांत मी बाहेर गेलेच नाही.

बर्फ वितळल्यावर जे दिसलं त्याने पोटात गोळा आला. समोरच्या अंगणातली वॉशिंग्टोनिया (हाही पामच, त्यातली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली फिलिफेरा जात) पूर्ण पेंढ्यासारखी झाली होती. विंडमिल पामची पंख्यासारखी पानं खाली वळून खोडाला चिकटली होती. मी मामाला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल झाडावरून फिरवत एकेक पान दाखवायला लागले.

"पानं काय दाखवतेस गो?" मामा म्हणाला. "पानं जाऊंदेत. मधला कोंब धर नि हलकेच ओढ. हातात आला तर कुजलाय. नाही आला तर देव पावला."

हे सांगणाऱ्या माणसाची स्वतःची वाडी तेव्हा निम्मी आडवी झालेली होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या झोपल्या. पोफळी अर्ध्यात मोडल्या, म्हणजे शेंड्यासकट गेल्या. त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. पण जे माड नुसते कलंडले होते, ज्यांच्या झावळ्या पिळवटून उडाल्या होत्या, त्यातले कितीतरी मामाने राखले. शेजारचे साफसफाईच्या भरात तेही कापत होते. मामाचा शब्द एकच: शेंडा बघितल्याशिवाय कोयता लावायचा नाही. वादळात असो की बर्फात, या जातीच्या झाडाची नाडी बघायची जागा तीच.

मार्चच्या सुरुवातीला माझ्या विंडमिलचा कोंब ओढल्यावर हातात आला. बुडाशी तपकिरी, मऊ, आंबूस वास येणारा. इथले लोक या क्षणी झाड मेलं असं धरतात. मामाने धरलं नाही. "कुजलं तेवढं सगळं काढ, पार पांढरं लागेपर्यंत. बोर्डो लाव. आणि वरून पाणी पडू देऊ नको." कोकणात सुपारीवर कोळेरोग, म्हणजे फळं सडण्याचा रोग, येऊ नये म्हणून पावसाळ्याआधी घोसांवर बोर्डो मिश्रण फवारतात, मोरचूद आणि चुन्याचं. माडाचा कोंब कुजला तर तिथे बोर्डोची पेस्ट लावतात. कोळेरोग आणि कोंब कुजणं या दोन्हींच्या मागे फायटोफ्थोरा कुळातले बुरशीसारखे सूक्ष्मजीव असतात. टेक्सासमध्ये थंडीने कमकुवत झालेल्या कोंबावरही बुरशी आणि जिवाणूच डल्ला मारतात. थंडी फक्त दार उघडून देते, पुष्कळदा झाड मरतं ते नंतरच्या कुजण्याने. म्हणून थंडी ओसरल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार मोलाचे असतात, आणि नेमके तेच लोक वाया घालवतात.

मी खळग्यातला कुजका भाग काढला, औषधाच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं. कुजकं असेल तिथे ते फसफसतं. फसफस थांबेपर्यंत दर थोड्या दिवसांनी ओतत राहिले, आणि मग तांब्याचं बुरशीनाशक. पाऊस असेल त्या दिवशी वर पत्र्याचा डबा पालथा.

त्याच सुमारास आमच्या मागच्या गल्लीत एका घरासमोरचा पाम तोडला. तोडणाऱ्याने घरमालकाला खात्रीने सांगितलं होतं की हे मेलंय. मी फिरायला गेले तेव्हा बुंधा आणि शेंड्याचे तुकडे कचऱ्याच्या गाडीची वाट बघत फुटपाथवर पडलेले. मी शेंड्याचा तुकडा उचलून बघितला. गाभा पांढराशुभ्र, घट्ट, रसरशीत होता. कुजल्याची खूण कुठेही नव्हती. त्या झाडाने इतके दिवस तग धरला आणि ते वाचलेलं असताना कापलं गेलं. मला अजून त्याचं वाईट वाटतं, आणि हे सगळं लिहिण्यामागे तो तुकडा आहे हेही सांगून टाकते.

माझ्या विंडमिलमध्ये मे महिन्यात हिरवं टोक दिसलं. पहिलं पान बघायला विचित्र होतं, अर्धवट, कात्रीने कापल्यासारखं. असंच येतं. आत रांगेत थांबलेल्या पानांची टोकं गारठ्यात गेलेली असतात, देठ आणि खालचा भाग मात्र वाढत राहतो. दुसरं पान थोडं बरं, तिसरं जवळजवळ पूर्ण. झाड वाढतंय की नाही हे डोळ्यांनी कळत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. कोंब आणि त्याला लागून असलेला देठ, दोन्हींवरून मार्करने एक सरळ आडवी रेघ ओढायची. पंधरा दिवसांनी कोंबावरची रेघ देठावरच्या रेघेच्या वर सरकली असेल तर आत जीव आहे. फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला सांगते.

समोरची फिलिफेरा मात्र गेली. जूनमध्येही काही हललं नाही, खोड दाबल्यावर आत जायला लागलं. तेव्हा तोडली. वाट बघितली म्हणून प्रत्येक झाड वाचतं असं मी म्हणत नाहीये. वाचलेल्यांतही एक धोका राहतो. पामच्या खोडाला आंब्या-फणसासारखा दरवर्षी नवं लाकूड घालणारा सालीखालचा थर नसतो. खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नसा एकदा गारठ्याने निकामी झाल्या की त्या पुन्हा तयार होत नाहीत. असं झाड उरलेल्या नसांवर पानं काढतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडक उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की अचानक बसतं. म्हणून थंडीतून उठलेल्या झाडाला पुढचे काही उन्हाळे मनापासून पाणी द्या.

आता जे झाड त्या सहा दिवसांनंतर जवळजवळ जसंच्या तसं उभं होतं, त्याच्याबद्दल. कुंपणाच्या कडेला माझ्याकडे ड्वार्फ पामेटो आहे, सेबल मायनर. कमरेएवढी उंची, पंख्यासारखी निळसर-हिरवी पानं, वर खोड नाहीच. लोक त्याला झुडूप समजून पुढे जातात. माझ्या लेखी टेक्सासमधला हा सर्वांत गुणी पाम. त्याचं खोड बी रुजल्यावर आधी जमिनीत खाली जातं आणि मग वळून वर येतं, म्हणजे वाढीचं टोक मातीच्या पोटात. वर उणे १९ असताना मातीत तेवढी थंडी पोचत नाही, आणि त्या आठवड्यात वरून बर्फाचं पांघरूणही होतं. पानांची टोकं थोडी करपली, बस. हा इथलाच. पूर्व टेक्सासच्या दलदलीत तो रानात उगवतो, आणि ओक्लाहोमाच्या अगदी आग्नेय कोपऱ्यात, मकर्टन काउंटीतही आहे. तिथल्या बियांपासूनची रोपं थंडीला आणखी चिवट असतात असं इथल्या जाणकारांचं मत आहे.

दुसरा नीडल पाम. याचं घर जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडाच्या बाजूला. पामांमध्ये सर्वांत जास्त थंडी सोसणारा म्हणून याचंच नाव घेतात. बुटका, दाट, आणि खोडाभोवती साळिंदरासारखे लांब काळे काटे. त्या काट्यांच्या आणि धाग्यांच्या गचपणात कोंब इतका लपलेला असतो की थंडी तिथवर जाता जाता दमते. लावायचा असेल तर मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब लावा, काटे खरोखर वाईट आहेत.

विंडमिल पामची गोष्ट वेगळी, आणि मला ती फार आवडते. हा मूळचा चीनच्या डोंगराळ भागातला. १८३० मध्ये जर्मन वैद्य सीबोल्ड याने याच्या बिया जपानहून युरोपात नेल्या, आणि १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून रोपं इंग्लंडला पाठवली. झाडाच्या लॅटिन नावात तोच फॉर्च्यून आहे. हाच माणूस ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात घेऊन आला. चीनमधले शेतकरी या पामच्या खोडावरच्या काथ्यापासून पावसाळी झगे करत, त्याने ते बघून लिहून ठेवले आहेत. आपल्याकडच्या इरल्याची आठवण येते ना?

आणि त्याचा एक जवळचा नातलग आपल्याच देशात आहे, हे मला इथे येऊन कळलं. उत्तराखंडात पिठोरागडजवळ थळकेदारच्या डोंगरात दोन हजार मीटरच्या वर कुमाऊँचा पाम उगवतो, ओक आणि बुरांशच्या जंगलात, हिवाळ्यात अंगावर बर्फ घेऊन. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारी याने १९०५ मध्ये त्याचं वर्णन करून त्याला टाकिल हे तिथल्या डोंगराचंच नाव दिलं. आपल्या मनात पाम म्हणजे समुद्रकिनारा, पण हिमालयात तो बर्फात उभा आहे. जंगलातली झाडं तोडीमुळे फार थोडी उरली आहेत, त्यामुळे बिया घ्यायच्याच असतील तर लागवडीतल्या झाडांच्या घ्या, रानातल्या नकोत.

टेक्सासमध्ये सर्वांत जास्त मेला तो मेक्सिकन फॅन पाम, वॉशिंग्टोनिया रोबस्टा. सॅन अँटोनिओ, ऑस्टिन, ह्यूस्टन, रस्त्याच्या कडेला रांगाच्या रांगा गेल्या. उंच, भराभर वाढणारा, नर्सरीत स्वस्त. बाहा कॅलिफोर्नियाचं हे झाड उणे सहा-सातच्या खाली गेलं की पानं टाकतं. चार-पाच सौम्य हिवाळे गेले की सगळ्यांना वाटतं हवामान बदललं, आता चालेल. मग एक रात्र येते. माझं स्पष्ट मत आहे की डॅलसच्या उत्तरेला ते कुणी विकू नये. विकणाऱ्याचं काय जातं, वीस फूट उंच मेलेलं झाड उतरवायला पैसे घरमालकाला मोजावे लागतात.

हाच धोका झोनच्या नकाशातही आहे, म्हणजे कुठे हिवाळ्यात किती थंडी पडते ते दाखवणाऱ्या नकाशात. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०२३ मध्ये नवा नकाशा काढला आणि डॅलसचा बराच भाग अर्ध्या पायरीने उबदार दाखवला. ते पाहून ओळखीतल्या लोकांनी लगेच नाजूक झाडं आणली. पण तो नकाशा १९९१ ते २०२० या तीस वर्षांतल्या दरवर्षीच्या नीचांकाच्या सरासरीवर काढलेला आहे. फेब्रुवारी २०२१ त्यात धरलेलाच नाही. आणि सरासरी म्हणजे सरासरी. झाड सरासरीत जगतं खरं, पण मरतं ते अपवादाच्या वर्षी. चाळीस वर्षं टिकावं असं झाड लावताना मी सर्वांत वाईट हिवाळा धरते. डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या आधी पारा काही तासांत कोसळून उणे १२ च्या आसपास गेला, तेव्हा माझा विंडमिल पानांवरच निभावला, कारण ती थंडी कोरडी होती आणि लवकर सरली.

लाट यायच्या आदल्या दिवशी मी काय करते ते सांगते. मुळांशी भरपूर पाणी, पण शेंड्यात थेंब नाही. बुंध्याशी वीतभर पालापाचोळा. पानं वर गोळा करून सैल बांधायची, म्हणजे ती कोंबाभोवती गुंडाळी होतात. मेली तरी चालतील, तेवढी रात्र त्यांनी कोंब झाकावा. मग माळ, मग कापड. प्लास्टिक थेट पानांवर टाकू नका, आत ओल धरते. लाट गेली, ऊन पडलं की कापड लगेच काढा. आणि हिवाळ्याआधी पानं छाटू नका, कितीही अस्ताव्यस्त दिसोत. नवीन लावणार असाल तर पावसाळ्यासारखं पाणी तुंबणार नाही अशा उंचवट्यावर लावा. इथली काळी चिकण माती आपल्या देशावरच्या काळ्या जमिनीसारखीच ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते, आणि पामची मुळं थंडीत तशा चिखलात राहिली की कुजण्याला आमंत्रणच. लागवड एप्रिल-मेमध्ये करा, म्हणजे पूर्ण उन्हाळा मुळं धरायला मिळतो. ऑक्टोबरात लावलेला पाम पहिल्या थंडीला उपरा असतो.

माझ्या पामेटोला दर शरदात काळ्या, वाटाण्याएवढ्या फळांचे घोस येतात. गर काढून बी दोन दिवस पाण्यात भिजवायची, खोल कुंडीत बोटभर खाली पेरायची, कुंडी उबदार ठेवायची. पहिली दोन-तीन वर्षं नुसती गवतासारखी पाती येतील, पंखा दिसायला धीर लागतो. डॅलसच्या आसपास कुणाला हव्या असतील तर नोव्हेंबरात कळवा, मूठ-मूठ सगळ्यांना पुरतील इतक्या असतात. आणि ज्यांचा माळी उद्या सकाळी करवत घेऊन येणार आहे, त्यांनी आधी मार्कर शोधा.